प्रतिस्पर्ध्यानं खोटी जाहिरात केली तर काय करायचं? बेळगाव सीमाभागातल्या व्यापाऱ्यासाठी कायद्याची वाट

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. सकाळी पेपर उघडला तर आतून एक पिवळं हँडबिल घरंगळलं. ‘अस्सल खव्याचा कुंदा फक्त आमच्याकडे! बाकीच्यांच्या कढईत दूध पावडर आणि डालडा!’ खाली लाल काठाच्या हिरव्या बॉक्सचं चित्र आणि त्यावर काळी फुली. नाव कुणाचंच नव्हतं. पण हिरवा बॉक्स आणि लाल काठ कुणाच्या दुकानाचा, हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. तो आमच्या मिठाईच्या दुकानाचा बॉक्स होता.

वडिलांनी ते हँडबिल फाडलं आणि बंबात घातलं. मी रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर टाकलं की खरी भेसळ कोण करतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. दोन महिने असेच गेले. मग वकिलांकडे गेलो. त्यांनी विचारलं, मूळ कागद कुठाय? दोन महिने काय करत होता? आणि तुम्ही स्वतः काय लिहून ठेवलंय? तिन्ही प्रश्नांवर मी खाली मान घालून बसलो.

मी वकील नाही, कढईपुढं उभा राहणारा माणूस आहे. पण त्या दिवाळीनंतर हा विषय मुळापासून समजून घेतला. पुढच्या वर्षी गणपतीत तसंच हँडबिल पुन्हा आलं तेव्हा आमची तयारी होती. खडेबाजार, शहापूर, निपाणी, खानापूर इथल्या ओळखीच्या दुकानदारांना तेव्हापासून जे सांगत आलो, तेच इथं सविस्तर लिहितोय.

पहिले दोन दिवस फक्त पुराव्याचे

जाहिरात दिसली की उत्तर देऊ नका, भांडायला जाऊ नका, फोन करू नका. आधी ती जपा.

हँडबिल पेपरातून आलं असेल तर तो अख्खा पेपर तसाच ठेवा, तारीख आणि आवृत्ती दिसली पाहिजे. शेजाऱ्यांकडून आणखी दोन प्रती मिळवा. मागच्या बाजूला कधी, कुठं आणि कुणाकडून मिळालं ते लिहून देणाऱ्याची सही घ्या. खाली प्रेसचं नाव छापलेलं असेल तर उत्तमच, किती प्रती छापल्या आणि पैसे कुणी दिले हे पुढं तिथूनच निघतं.

फ्लेक्स असेल तर एक फोटो लांबून काढा, त्यात चौक, दुकानांच्या पाट्या, ओळखीची खूण यावी. दुसरा जवळून, अक्षरं वाचता येतील असा. विनापरवाना फ्लेक्स काढायला लावण्यासाठी कर्नाटकात १९८१ चा सार्वजनिक जागा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे आणि महानगरपालिकेकडे तशी तक्रार करता येते. पण आधी फोटो, मग तक्रार. घाईत तक्रार केली आणि पालिकेनं दुपारी फ्लेक्स उतरवला, तर तुमचा पुरावाही त्याबरोबर गेला. रिक्षावर भोंगा लावून ओरडत असतील तर व्हिडिओत आवाजाबरोबर गाडीचा नंबरही येऊ द्या.

मोबाइलवरच्या जाहिरातीला जास्त जपावं लागतं. स्टेटस चोवीस तासांत जातं, रील कधीही उडवता येते. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग करा, त्यात खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ, किती जणांनी पाहिलं हे सगळं यावं. फोटो कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका, आणि ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो विकू नका. कोर्टात अशा पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक ज्याच्या ताब्यात फोन किंवा कॉम्प्युटर आहे त्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा, लिहावी लागते. फाइलमध्ये नंतर एक अक्षर बदललं तरी हा ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइल वेगळ्या पेन ड्राइव्हवर लगेच काढून ठेवा.

त्याच दिवशी प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातून तो माल बिल घेऊन विकत आणा. आणि आपल्या मालाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. आम्ही कुंद्याच्या दोन घाण्यांचे नमुने दिले होते. दुधाच्या चरबीत वनस्पती तूप मिसळलंय का हे शोधायची जुनी बॉडोइन चाचणी आहे. वनस्पती तुपात ओळख पटावी म्हणून तिळाचं तेल घालायचा नियम पडला आणि त्या तेलामुळे या चाचणीत तांबडा रंग उठतो. आमच्या नमुन्यात तो उठला नाही. तो एक कागद पुढं दहा साक्षीदारांपेक्षा जास्त बोलला.

आणि गल्ल्याजवळ एक वही ठेवा. कुणी विचारलं, ‘तुमच्यात डालडा असतोय म्हणे?’ तर तारीख, नाव, काय म्हणाले ते लिहा. ज्यानं लग्नाची ऑर्डर रद्द केली त्याचा मेसेज जपा.

जाहिरातीतलं एकेक वाक्य चाळून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. ‘जाहिरात खोटी आहे’ एवढं म्हणून भागत नाही, नेमका खोटेपणा कुठल्या शब्दात आहे ते सांगावं लागतं. कोऱ्या कागदावर प्रत्येक वाक्य वेगळं उतरवा आणि चित्रही वेगळं धरा.

आमच्या हँडबिलाचंच घ्या. ‘अस्सल खव्याचा कुंदा’ हे तो स्वतःच्या मालाबद्दल बोलतोय. ‘फक्त आमच्याकडे’ ही फुशारकी झाली. फुशारकीला कायदा बरीच सूट देतो. कलकत्ता उच्च न्यायालयानं १९९८ मध्ये ‘रेकिट अँड कोलमन विरुद्ध एम. पी. रामचंद्रन’ या निळीच्या खटल्यात जे सांगितलं ते आजही प्रत्येक वकील उद्धृत करतो. आपला माल जगात सर्वोत्तम आहे असं व्यापारी म्हणू शकतो, इतरांपेक्षा चांगला आहे असंही म्हणू शकतो, तुलनाही करू शकतो. पण तसं म्हणताना दुसऱ्याचा माल वाईट आहे असं म्हणता येत नाही. तिथं निंदा सुरू होते आणि मनाई व नुकसानभरपाई दोन्ही मागता येतात.

‘बाकीच्यांच्या कढईत डालडा’ हे तिसरं वाक्य फुशारकी नाही. ते वस्तुस्थितीचं विधान आहे, तपासता येतं, आणि दुसऱ्याबद्दल आहे. चित्र त्या ‘बाकीच्यां’वरून बोट थेट आमच्याकडे वळवतं.

नाव घेतलं नाही म्हणून तो सुटतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. अमूलच्या आइस्क्रीमच्या जाहिरातीत फ्रोझन डेझर्ट म्हणजे वनस्पती तूप असं दाखवलं होतं, कुठल्याही कंपनीचं नाव न घेता. हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०१७ मध्ये मनाई मिळाली आणि २०१८ मध्ये खंडपीठानंही ती कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं डाबरच्या अर्जावर पतंजलीच्या च्यवनप्राश जाहिरातीतल्या निंदाजनक भागाला मनाई केली, तिथंही वाद बाकी सगळ्या च्यवनप्राशांना हिणवण्याचाच होता. पेप्सी आणि कोकाकोलाच्या २००३ च्या खटल्यात दिल्लीच्या खंडपीठानं जाहिरातीमागचा हेतू, ती सांगायची पद्धत आणि तिची गोष्ट व त्यातून जाणारा संदेश असं तिन्ही बघायला सांगितलं. म्हणून हँडबिलाचा रंग, फुली, बॉक्स हे सगळं महत्त्वाचं.

जाहिरात हे भाषणस्वातंत्र्यच आहे, असं प्रतिस्पर्धी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या टाटा प्रेस खटल्यात जाहिरातीला ते संरक्षण दिलं हे खरं, पण खोट्या आणि फसव्या जाहिरातीला दिलं नाही.

इथंच एक कडक सूचना. आधी स्वतःची कढई बघा. तुम्ही खरंच पावडर वापरत असाल, अगदी सणाच्या गर्दीत दूध कमी पडलं म्हणून दोनच घाण्यांना वापरली असेल, तर दावा लावू नका. सत्य हा त्याचा सगळ्यात मोठा बचाव आहे, आणि उलटतपासणीत तुमचीच दूध खरेदीची बिलं मागितली जातील.

तुमची तक्रार कुठल्या जातीची?

एक जात म्हणजे वर सांगितलेली, तो तुमच्या मालाची निंदा करतो. दुसरीत तो तुमचं नाव, बॉक्स, चिन्ह यांच्यासारखं काहीतरी वापरून गिऱ्हाईक ओढतो. तिसरीत तो फक्त स्वतःच्या मालाबद्दल खोटं बोलतो. हॉलमार्क नसताना हॉलमार्क म्हणतो, रेक्झिनची चप्पल अस्सल कोल्हापुरी म्हणून विकतो.

तिसऱ्या जातीत व्यापाऱ्याची पंचाईत होते. पूर्वी मक्तेदारीविरोधी एमआरटीपी कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार आयोगाकडे नेता यायची. तो कायदा १ सप्टेंबर २००९ पासून गेला, आणि ही प्रकरणं ग्राहक कायद्याकडे वळली. ग्राहक आयोगात ‘ग्राहक’ लागतो, आणि २०१९ च्या कायद्याची ‘ग्राहका’ची व्याख्या व्यापारी हेतूनं खरेदी करणाऱ्याला वगळते. म्हणजे प्रतिस्पर्धी दुकानदार म्हणून तुम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊन नुकसानभरपाई मागू शकत नाही. हे न कळल्यामुळे कितीतरी जण तिथं वर्ष घालवतात. प्रत्यक्ष फसलेला ग्राहक मात्र जाऊ शकतो, स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या आयोगातही. आयोग फसव्या जाहिरातीचा परिणाम पुसणारी दुरुस्ती जाहिरात समोरच्याच्या खर्चानं द्यायला लावू शकतो.

कोर्टाबाहेरची दारं

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झालं. तिथली तक्रार तुमच्या वैयक्तिक नुकसानीची नसते, ‘ग्राहकवर्गाची फसवणूक होते’ या मुद्द्यावर असते, म्हणून व्यापारीही माहिती देऊ शकतो. कायद्याच्या कलम १७ नुसार ही तक्रार लेखी किंवा ऑनलाइन थेट प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. आपल्याकडे जिल्हाधिकारी म्हणजे डी.सी. तक्रार डी.सी. ऑफिसच्या आवकमध्ये देऊन शिक्क्याची पोच घ्या. प्राधिकरण जाहिरात थांबवू किंवा बदलायला लावू शकतं आणि पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतांनाही हे लागू आहे. दंडाचा पैसा सरकारजमा होतो, तुमच्या हाती काही येत नाही. पण ऐन सीझनमध्ये जाहिरात थांबणं हेच पुष्कळदा हवं असतं.

९ जून २०२२ पासून फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचनाही लागू आहेत. त्यातली एक सीमाभागाला फार उपयोगी पडते. खालची बारीक अट, म्हणजे डिस्क्लेमर, ज्या भाषेत दावा केलाय त्याच भाषेत हवी. वर ठळक मराठीत ‘पन्नास टक्के सूट’ आणि खाली बारीक इंग्रजीत अटी, असं आपल्याकडे सर्रास दिसतं. तो मुद्दा तक्रारीत जरूर घाला.

मुंबईची ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे आस्की, ही जाहिरात उद्योगानंच १९८५ मध्ये उभी केलेली संस्था. तिच्या संहितेत स्पर्धकाशी न्यायानं वागण्याचं वेगळं प्रकरणच आहे. व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीला फी लागते. टीव्हीवरच्या जाहिरातींना ही संहिता केबल नियमांमुळे बंधनकारक आहे. गल्लीतल्या हँडबिलाला तिचा धाक कमी, हे खरं.

खास खात्यांची दारं थोडक्यात सांगतो. खाण्याच्या पदार्थाची फसवी जाहिरात असेल तर अन्न सुरक्षा कायदा २००६ चं कलम ५३ आहे, दंड दहा लाखांपर्यंत. पाकिटावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक फोसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी साइटवर टाकून बघा, बऱ्याचदा तिथंच गोम सापडते. सराफाच्या खोट्या हॉलमार्कसाठी भारतीय मानक ब्युरो, दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. औषधांच्या चमत्कारी दाव्यांसाठी १९५४ चा कायदा आहे.

कोल्हापुरीचं उदाहरण : दावा लावायचा हक्क कुणाचा?

अथणी, निपाणी भागातल्या चप्पल कारागिरांशी बोलताना मी हे नेहमी सांगतो. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग, एकट्या महाराष्ट्राचं नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हे त्यात आहेत, आणि नोंदणीकृत मालक म्हणून महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर ही चर्मोद्योग महामंडळं आहेत. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या तेव्हा काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे मालकच नव्हते.

भौगोलिक मानांकन कायद्याच्या कलम २१ मध्ये हक्कभंगाची दाद मागायचा अधिकार नोंदणीकृत मालकाला आणि ‘अधिकृत वापरकर्त्या’ला आहे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चप्पल शिवणाऱ्या प्रत्येक घरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. यंत्रावरची चप्पल ‘हातशिलाईची अस्सल कोल्हापुरी’ म्हणून शेजारीच विकली जाते, तेव्हा हातात कागद नसेल तर हातातल्या कलेला कोर्टात आवाज मिळत नाही.

नोटीस कशी लिहावी

वकिलामार्फत पाठवलेली नोटीस छोटी आणि नेमकी असावी. भावना, जुनी भांडणं, घराण्याचा इतिहास यातलं काही नको. आमच्या दुसऱ्या वेळच्या नोटिशीचा गाभा असा होता :

‘आपण अमुक तारखेस अमुक दैनिकाच्या बेळगाव आवृत्तीत घालून वाटलेल्या हँडबिलात “बाकीच्यांच्या कढईत दूध पावडर आणि डालडा” असे विधान केले असून त्यासोबत आमच्या अशिलांच्या बॉक्सशी मिळतेजुळते चित्र फुलीसह छापले आहे. सदर विधान खोटे आहे. सोबत प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत जोडली आहे. ही नोटीस मिळाल्यापासून ३ दिवसांत वाटप थांबवावे, शिल्लक प्रती आमच्या हवाली कराव्यात आणि त्याच दैनिकाच्या त्याच आवृत्तीत खुलासा प्रसिद्ध करावा.’

मुदत तीन ते सात दिवसांची ठेवा. महिन्याची दिलीत तर पुढं ‘तातडी’ सांगायला तोंड राहत नाही. आणि ट्रेडमार्कच्या नावानं पोकळ धमकी देऊ नका. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ खाली निराधार धमकीबद्दल उलट तुमच्यावरच दावा येऊ शकतो. माझ्या त्या व्हॉट्सॲप मेसेजचं असंच झालं. समोरून बदनामीची नोटीस आली, आणि दोघंही सारखेच असं चित्र उभं राहिलं. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ४१ खाली मनाई मागणाऱ्याचं स्वतःचं वागणंही कोर्ट तपासतं.

दावा कुठं लावायचा : बेळगाव की कोल्हापूर?

सीमाभागात हा प्रश्न रोजचा आहे. दुकान निपाणीत, प्रतिस्पर्धी कागलला किंवा गडहिंग्लजला, जाहिरात दोन्हीकडे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार नुकसान जिथं झालं तिथं किंवा प्रतिवादी जिथं राहतो तिथं, असा पर्याय तुमच्याकडे असतो. हँडबिल बेळगावात वाटलं गेलं असेल तर बेळगाव जिल्ह्यात दावा लागतो, मग प्रतिस्पर्धी महाराष्ट्रातला का असेना. नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तर कलम १३४ खाली स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणीही दावा करता येतो, मात्र जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या कोर्टात नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयानं २०१५ च्या संजय दालिया खटल्यात एक मर्यादा घातली. मुख्य कार्यालय जिथं आहे तिथंच वादाचं कारण घडलं असेल, तर ते सोडून दूरच्या शाखेच्या गावी दावा नेता येत नाही.

पुढची अपिलं कुठं जातील हेही ध्यानात घ्या. बेळगाव जिल्हा कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येतो. कोल्हापुरात लावलात तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. तरी माझं मत विचाराल तर साक्षीदार जिथले, कोर्ट तिथलं.

मराठी जाहिरात, कन्नड-इंग्रजी कोर्ट

इकडच्या खालच्या कोर्टांचं काम कन्नडमध्ये चालतं, इंग्रजीही चालतं. मराठी हँडबिलाचं भाषांतर जोडावं लागतं, आणि तिथं खटला जिंकताही येतो, हरताही येतो. आमच्या पहिल्या भाषांतरात ‘बाकीच्यांच्या कढईत’चं ‘काही इतर दुकानांत’ झालं होतं. एका शब्दानं सगळं ढासळलं. ‘काही’ म्हटलं की आम्ही त्यात आहोतच असं राहत नाही. मराठीत ‘बाकीचे’ म्हणजे तो सोडून सगळे. वकिलांच्या हे लक्षात आलं म्हणून वाचलो. भाषांतर मराठी घरात वाढलेल्या आणि कन्नडही तितक्याच सफाईनं लिहिणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, आणि कोर्टात जाण्याआधी स्वतः शेजारी बसून शब्द न्‌ शब्द वाचा. बोलीतला शब्द असेल तर त्याचा गल्लीतला अर्थ सांगणारं एखाद्या गिऱ्हाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडा.

मनाई हुकूम

ट्रेडमार्क, भौगोलिक मानांकन अशा बौद्धिक संपदेचा वाद तीन लाखांपासून वर असेल तर तो २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याखाली जातो. तिथं कलम १२ अ लक्षात ठेवा. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थी सक्तीची आहे. ती तीन महिन्यांत पुरी व्हायची असते, दोघांच्या संमतीनं आणखी दोन महिने वाढते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालानं ही सक्ती पक्की केली. आणि मध्यस्थी टाळण्यासाठी खोटी तातडी दाखवलीय का हेही कोर्ट बघतं. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांतलं तुमचं वागणं इतकं महत्त्वाचं. नुसत्या निंदेचा, ट्रेडमार्क नसलेला दावा साध्या दिवाणी न्यायालयात जातो की व्यापारी न्यायालयात, यावर वाद उभा राहू शकतो. वकिलांकडून ते दाखल करण्याआधी ठरवून घ्या.

अंतरिम मनाई मागताना तीन गोष्टी दाखवायच्या असतात. प्रथमदर्शनी बाजू, सोयीचा तोल (मनाई दिली किंवा नाकारली तर जास्त त्रास कुणाला) आणि पैशानं भरून न येणारं नुकसान. तिसरी दाखवायला सणाचं कॅलेंडर उपयोगी पडतं. गणपती ते दिवाळी यात वर्षाचा किती धंदा होतो हे मागच्या तीन वर्षांच्या जीएसटी रिटर्नवरून मांडा. समोरच्याला न ऐकता मनाई क्वचितच मिळते, आणि मिळाली तर तो अर्ज तीस दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टानं करायचा असतो. प्रतिस्पर्ध्यानं आधीच कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, लावलंय का ते बघा, ते नव्वद दिवस चालतं. खालच्या कोर्टानं विचारपूर्वक दिलेल्या अंतरिम हुकमात वरचं कोर्ट सहसा हात घालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या वाँडर निकालापासून रुळलेलं आहे. तेव्हा पहिल्या अर्जातच सगळी ताकद लावा.

हुकूम मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ नियम २ अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही.

नुकसानभरपाई त्याच दाव्यात मागा. नंतर वेगळी मागू म्हणून सोडलीत तर बहुधा कायमची गेली. हिशेब सी.ए. कडून करून घ्या. गेल्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याची विक्री, यंदाची विक्री, रद्द ऑर्डरी, आणि खुलाशाच्या जाहिरातींवर झालेला खर्च. मोघम पाच लाखांपेक्षा कागदानं सिद्ध होणारे सत्तर हजार बरे. आणि बदनामीच्या दाव्याची मुदत एकच वर्षाची असते, म्हणून निंदेच्या प्रकरणात वर्षाच्या आत दाखल करायचं असं धरूनच चाला.

फौजदारी वाटही आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीसाठी आहे आणि ते कंपनी, संस्थेलाही लागू होतं. पण पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून भागत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद द्यावी लागते. मी कुणालाही पहिलं पाऊल म्हणून ती सुचवत नाही. जाहिरात तिनं थांबत नाही, वैर मात्र दोन पिढ्या टिकतं.

आधीच करून ठेवायचं

नाव आणि बॉक्सची ट्रेडमार्क नोंदणी. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला व्यक्ती आणि लघुउद्योगासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र असेल तर कमी फी लागते. कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या कार्यालयाखाली येतात, मुंबईच्या नाही. कोल्हापूरच्या एजंटाकडून अर्ज करणारे इथंच चुकतात. नोंदणी असली तर जाहिरातीत तुमच्या चिन्हाच्या लौकिकाला धक्का लावल्याबद्दल कलम २९(८) सरळ वापरता येतं. नसली तर ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे तुमच्या नावावर आपला माल खपवल्याचा, दावा उरतो, त्यात लौकिक आधी सिद्ध करावा लागतो. जुनी बिलबुकं, बॉक्स छापल्याच्या पावत्या, जत्रेतल्या स्टॉलचे फोटो जपून ठेवा.

तडजोड झाली तर

गणपतीतल्या हँडबिलावर आम्ही पाचव्या दिवशी दावा लावला. दुसऱ्या तारखेला समोरचे तडजोडीला आले. तोंडी माफीवर वकिलांनी सही करू दिली नाही. तडजोड ऑर्डर २३ नियम ३ खाली कोर्टात नोंदवून घेतली, म्हणजे तिचा हुकूमनामा होतो आणि मोडला तर पुन्हा नवा दावा लावावा लागत नाही. त्यात ‘बाकीचे’, ‘इतर दुकानं’, फुली आणि हिरवा बॉक्स हे चारही शब्दशः लिहून घेतले. शिल्लक हँडबिलं प्रेसमधून मोजून आणायची ठरली, ती दोन गठ्ठ्यांत आली. खुलासा त्याच पेपरात, त्याच आकारात, मराठीत आणि कन्नडमध्येही छापायचा होता, कारण आमचं अर्धं गिऱ्हाईक कन्नड बोलणारं आहे. तारीख अनंत चतुर्दशीच्या आधीची घालून घेतली. खुलासा छापून आला त्या सकाळी वडिलांनी पेपरातलं ते पान कापलं, आणि यावेळी बंबात न घालता काउंटरच्या काचेखाली सरकवलं.